दहा वर्षं जुनी गाडी लांबच्या प्रवासाला तयार करताना: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४ (ओडोमीटर ८७,४१२)

गाडी काल घरी आली. २०१४ची, पेट्रोल, हाताचे गिअर, एकाच मालकाने वापरलेली. ८ मार्चला हिला घेऊन निघायचंय. जाऊन-येऊन नऊशेच्या वर किलोमीटर, सोबत बायको, मुलगी आणि गच्च भरलेली डिकी. हाताशी दोन महिने. वहीत रडगाणं लिहायचं नाही. काय दिसलं, काय मोजलं, काय बदललं एवढंच. हा नियम किती दिवस टिकतो बघू.

घेताना बघायचं ते बहुतेक बघितलं होतं. चासी नंबर कागदांशी एकेक अक्षर जुळवला. सतरा अक्षरं-आकडे असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कुठे ओ दिसला तर समजावं की उतरवणाऱ्याने शून्य चुकवलाय, किंवा प्रकरण त्याहून वाईट आहे. पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झीज सत्त्याऐंशी हजाराला शोभेलशी. बॉनेटच्या नि दारांच्या बोल्टवरचा रंग शाबूत, म्हणजे ते खोललेले नाहीत. इंजिन गार ठेवा, मी येईपर्यंत सुरू करू नका, असं आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या सेल्फला चालू झालं. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागला, इंजिन सुरू झाल्यावर विझला. खूश होऊन व्यवहार पक्का केला.

घरी येऊन ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) लावला तेव्हा खुशी उतरली. कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर जवळजवळ सगळे अपूर्ण. गाडी स्वतःच्या वेगवेगळ्या यंत्रणा चालता चालता तपासत असते आणि तपासणी पुरी झाली की तो तो मॉनिटर पूर्ण दाखवते. कोणी कोड पुसले, किंवा बॅटरी काढून लावली, की हे सगळं पुन्हा शून्यावर. तेव्हा दिवा विझलेला होता त्याला काहीच किंमत नव्हती. हा रीडर पैसे देण्याआधी लावायचा असतो. पाच मिनिटांचं काम.

आधीच्या मालकांना फोन केला आणि जरा तोडूनच विचारलं, "कोड पुसून दिलीत का गाडी?" ते म्हणाले, "अहो, कोड म्हणजे काय तेच मला माहीत नाही." विषय तिथेच संपला.

बाकी निरीक्षणं: इंजिन जागेवर चालू असताना बारीक थरथर. हेडलाइट पिवळे. टायर म्हातारे वाटतात. ब्रेक ऑइल कधी बदललं याची नोंद नाही. चारही चाकांना एकेक लॉक नट (चोरी टाळायला खास चावीनेच उघडणारा) आहे आणि त्याची चावी गायब. डिकीत डावीकडून खडखड येते, विशेषतः वळताना. ही शेवटी बघू, खडखडीने कोणी रस्त्यात अडकत नाही.

१० जानेवारी (८७,५३३)

एकशे वीस किलोमीटर झाले आणि दिवा लागला. चढावर तर लुकलुकायला लागला. स्थिर दिवा असेल तर सवडीने दाखवलं तरी चालतं, लुकलुकणारा असेल तर पाय हलका करून थांबावं. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) इतका आहे की न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जातंय आणि तिथे जळून तो तापतोय, असा त्याचा अर्थ. एका कॉइलपायी (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज उभं करणारा भाग) कन्व्हर्टर गेला तर खर्च कित्येक पट.

कोड पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा: दुसऱ्यात मिसफायर. कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. नवी कॉइल मागवायला हात फोनकडे गेला होता, पण आधी फुकटची परीक्षा घेतली: दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. बाकी कशाला हात लावला नाही. कोड पुसला.

१२ जानेवारी (८७,५७१)

पी०३०३. दोष कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेला. म्हणजे कॉइलच.

प्लग काढून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर ठिणगीची फट १.४ मिलिमीटर, माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये १.१ लिहिलंय. फट वाढली की ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं, आणि एखादी त्यात दमते. नुसती कॉइल बदलली असती तर सहा महिन्यांत तिच्या शेजारणीची पाळी आली असती. एक कॉइल, चारही प्लग नवे. थरथर गेली.

रीडर लावलेलाच ठेवलाय. फोनवर इंजिनचं तापमान बघायला मजा येते.

२० जानेवारी (८७,७०२)

टायरचा दिवस.

टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांपुढे जी लांबलचक ओळ असते तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या चारही टायरवर ३११७, म्हणजे २०१७चा एकतिसावा आठवडा. साडेसहा वर्षं. नक्षी अजून चार मिलिमीटर; पुष्कळ देशांत कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर आहे, त्या हिशेबाने टायर अजून चालण्याजोगे आहेत. पण कडेला नखाएवढ्या बारीक भेगा. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही कडक होतं, आणि कमी चालणाऱ्या गाडीत टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नवे घ्यायचे ठरवले.

पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने जास्त गेले होते. ही तक्रार टायरची नव्हे, अलाइनमेंटची, म्हणजे चाकांच्या कोनाची. मधोमध झीज असती तर हवा जास्त भरलेली, दोन्ही कडांना असती तर कमी. जुने टायर टाकून देण्याआधी वाचून घ्यावेत, त्यांच्यावर सगळं लिहिलेलं असतं.

मग लॉक नट. चावीसाठी ग्लोव्हबॉक्स, सीटखाली, डिकीत जॅकच्या खोबणीत, स्टेपनीच्या खळग्यात, सगळीकडे शोधलं. नाही. आधीच्या मालकांना पुन्हा फोन करायची लाज वाटली. मेकॅनिकने शेवटी एक लहान मापाचं सॉकेट हातोड्याने नटवर ठोकून बसवलं आणि लांब दांड्याने फिरवलं. तीन निघाले. चौथ्याला तासभर लागला, त्यात सॉकेटही गेलं. चारही भंगारात, जागी साधे नट. हीच गत रात्री रस्त्यात पंक्चर झाल्यावर झाली असती, तर स्टेपनी असून नसल्यासारखी! जुनी गाडी घेताना दुसरी किल्ली मागायची आठवण सगळ्यांना असते. ही चावी मला तरी सुचली नव्हती.

स्टेपनीवर ४४१३. गाडीच्याही आधीची. हवा १२ पीएसआय. ती पण बदलली.

नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, मॅन्युअलप्रमाणे ११० न्यूटन-मीटर. ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघून: पुढे ३३, मागे ३०. टायरवर छापलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. दुकानात हा वाद दरवेळी होतो. आजही झाला.

टाकी फुल केली, ट्रिप मीटर शून्य. ॲव्हरेज इथून मोजायचं.

२७ जानेवारी (८७,८३६)

तीन दिवस गाडी उभी होती. आज सेल्फ मारला तर टक्‌ टक्‌ टक्‌. मल्टिमीटर लावला: ११.४ व्होल्ट. पुरी चार्ज असलेली, थोडा वेळ निवांत पडलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९च्या खाली काही उरलेलं नसतं.

बॅटरीवरची तारीख पुसली गेलेली. जुनीच असणार. नवी आणून बसवली, ४५ अँपिअर-तासांची. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ठीक. प्रश्न मिटला.

जाता जाता: बॅटरी बदलल्यावर रीडरमध्ये बघितलं, मॉनिटर पुन्हा सगळे अपूर्ण. म्हणजे त्या गृहस्थांनी कोड पुसले नसतील, कधीतरी बॅटरीची तार काढली असेल एवढंच. कदाचित. कॉइल आधीपासून आजारी होतीच आणि त्यांना दिवा दिसला नसेल हे पटत नाही, पण मी फोनवर ज्या सुरात बोललो तो सुरही बरोबर नव्हता.

३ फेब्रुवारी (८७,९०५)

चार दिवस उभी. पुन्हा बंद. नव्या बॅटरीवर ११.८.

मुलगी म्हणाली, "बाबा, अजून एक घ्या, मोठी." या वाक्यातला टोमणा कळण्याएवढी ती मोठी झाली आहे.

४ फेब्रुवारी (८७,९०५)

काल रात्रभर चार्जर लावून बॅटरी भरली. आज जे मागच्या शनिवारीच करायला हवं होतं ते केलं: गाडी बंद असताना करंट कोण खातंय ते मोजणं.

पद्धत सविस्तर लिहितो, पुन्हा लागेल. बॉनेट उघडं ठेवायचं, पण त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायचं, नाहीतर गाडीला वाटतं बॉनेट उघडं आहे आणि ती जागीच राहते. दारांचंही तसंच. काच खाली घेऊन ठेवायची, फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचला पाहिजे. किल्ली दूर. मीटर १० अँपिअरच्या खोबणीत, बॅटरीची ऋण तार सोडवून तार आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन चालू करायचं नाही. मी सवयीने केलं. मीटरचा फ्यूज गेला, तासभर दुसरा शोधण्यात गेला.

दुसऱ्या प्रयत्नात सुरुवातीला ४ अँपिअरच्या आसपास. हे ठीक असतं, सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) जागे असतात. मग थांबायचं. दहा मिनिटं, वीस, चाळीस. घड्याळ, अलार्म, मेमरी यांना मिळून ०.०५च्या खाली करंट पुरतो. माझा आकडा ०.४१वर येऊन बसला आणि हलेना.

गुणाकार केला: ०.४१ गुणिले २४, दिवसाला ९.८ अँपिअर-तास. चार दिवसांत ३९. बॅटरी ४५ची. दोन ओळींच्या या गणिताने बॅटरी निर्दोष सुटली, आणि बहुधा जुनीसुद्धा निर्दोषच होती.

आता चोर कोणता? एकेक फ्यूज उपटत बसलं तर फ्यूज परत बसवताना मॉड्यूल जागे होतात आणि पुन्हा चाळीस मिनिटं वाट बघावी लागते. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांना मीटर मिलिव्होल्टवर लावायचा. करंट वाहत असेल तर फ्यूजच्या अंगभूत रोधामुळे किंचित व्होल्टेज दिसतं, वाहत नसेल तर शून्य. दोन फ्यूजवर आकडा आला. झाकणावरच्या तक्त्यात बघितलं: एक बॉडी कंट्रोलचा, दुसरा डायग्नोस्टिक सॉकेटचा.

स्टेअरिंगखाली डोकं घातलं. अंधारात निळा दिवा लुकलुकत होता. माझा ओबीडी रीडर.

त्या सॉकेटला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो. रीडर स्वतः थोडंच खातो, पण हा दर काही क्षणांनी गाडीला काहीबाही विचारत होता आणि उत्तर द्यायला मॉड्यूल झोपत नव्हते. काढला, पुन्हा वीस मिनिटं थांबलो: ०.०३.

म्हणजे दोष शोधायला आणलेलं यंत्र हाच दोष, आणि त्याच्यावर उपाय म्हणून मी बॅटरी विकत घेतली. जुनी चार्ज करून बाजूला ठेवली. दोन दिवसांनी १२.५ दाखवली तर कोणाला तरी उपयोगी पडेल. गाडीची बॅटरी पार उतरली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, तेव्हा पूर्वीएवढी ती राहिली नसणारच.

मुलीला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी (८८,११४)

टाकी पुन्हा फुल, त्याच पंपावर, पहिल्या कटला थांबवून. ४१२ किलोमीटर, ३४.९ लिटर. ॲव्हरेज ११.८. डॅशबोर्ड म्हणतो १२.९. डॅशबोर्ड इंजेक्टर किती वेळ उघडले यावरून अंदाज बांधतो. पंपाचा आकडा खरा धरायचा. या गाडीकडून ११.८ म्हणजे कमीच.

रीडर (आता फक्त चालवताना लावायचा, उतरताना काढायचा, दाराच्या खणात ठेवायचा) तापमान ७१ ते ७४ दाखवत होता, तेही वीस मिनिटं चालवून. उतारावर ६६. नव्वदच्या आसपास हवं. डॅशबोर्डचा काटा थोडासा खाली, पण तेवढ्यावरून कोणाला शंका येऊ नये. हीटरही कोमटच फुंकायचा, ते मी गाडीच्या वयावर ढकललं होतं.

इंजिन गार राहणं चांगलं असा आपला समज. पण पुरतं तापेपर्यंत ते पेट्रोलचं मिश्रण जाडच ठेवतं, आणि ऑइलमधली वाफ व पेट्रोलचा अंश उडून जात नाही. संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे कूलंटची वाट उघड-मीट करणाऱ्या झडपेवर. काढला, उजेडाला धरला: गार असताना घट्ट मिटायला हवा तो झडपेत फट ठेवून बसलेला. त्याच्या अंगावर ८२ कोरलंय, म्हणजे त्या तापमानाला उघडायला लागायचं. हा कायमचाच उघडा. नवा बसवण्याआधी गरम पाण्यात टाकून उघडतो का बघायचं होतं. बायकोने स्वयंपाकघरातलं पातेलं द्यायला साफ नकार दिला. बरोबरच आहे, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि माझे हात त्याने माखलेले. रंगाच्या रिकाम्या डब्यात काम भागवलं.

नवा थर्मोस्टॅट, नवं गॅस्केट, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. झाकण उघडं ठेवून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत इंजिन चालवलं, एक-दोनदा पातळी वाढवली. आता तापमान ८८ ते ९२.

१८ फेब्रुवारी (८८,२४०)

चाकांना हात लावून बघितले तेव्हा पुढचं उजवं बाकीच्यांपेक्षा खूप गरम. चाक काढलं. बाहेरचं पॅड ५ मिलिमीटर, आतलं जेमतेम २. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून अडकलेली. ब्रेक सोडल्यावरही आतलं पॅड डिस्कला घासत राहायचं. बाहेरून चाकाच्या फटीतून बघणाऱ्याला फक्त बाहेरचं पॅड दिसतं आणि तो "पॅड आहेत अजून" म्हणतो. मीही ६ जानेवारीला तसंच बघितलं होतं.

पिन साफ केल्या, ब्रेकसाठी असतं ते ग्रीस लावलं, रबरी बूट नवे, पॅड दोन्ही बाजूंचे नवे. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं झालेलं, तेही सगळं बदललं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं, पाणी मुरलेल्याची तीच मर्यादा १५५. लांब घाटउतारावर ते उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट जमिनीला. आमच्या वाटेत उतार आहे, म्हणून हे काम माझ्या यादीत टायरच्याही वर होतं. झालं मात्र उशिरा.

२४ फेब्रुवारी (८८,३९५)

किरकोळ. केबिन फिल्टर काढला, त्यात अख्खी पानं. एसीचा कुबट वास अर्धा तिथेच गेला. हेडलाइट ८००, १५००, २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून पॉलिश केले, वर अतिनील किरणं थोपवणारा थर. तो दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे. खांदे दुखतायत.

२ मार्च (८८,६००)

टाकी फुल ते टाकी फुल: ४८६ किलोमीटर, ३३.१ लिटर. १४.७.

आनंद आहे, पण श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही. थर्मोस्टॅट, अडकलेला ब्रेक, आणि या वेळी मोकळ्या रस्त्यावर जास्त चाललेली गाडी, तिन्ही एकाच टाकीत. कॉइलची अदलाबदल केली तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलली होती, इथे नाही जमलं. ब्रेक अडकलेला ठेवून थर्मोस्टॅटचं ॲव्हरेज मोजत बसण्याइतका मी शास्त्रज्ञ नाही.

८ मार्च (८८,६५५)

निघालो. सकाळी गार टायरमध्ये भरल्या गाडीचा आकडा, मागे ३८. मागे वजन आलं की हेडलाइट आभाळाकडे बघतात, म्हणून उंचीचं चाक दोन घरं खाली. मॉनिटर सगळे पूर्ण, कोड नाही.

१२ मार्च (८९,५९१)

परत. ९३६ किलोमीटर. दिवा लागला नाही. डिपस्टिकवर ऑइल तीन मिलिमीटर उतरलंय, लक्ष ठेवायचं. उताराला ब्रेक शेवटपर्यंत घट्ट. स्पीडोमीटर १०० दाखवत होता तेव्हा जीपीएसवर ९५. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये असा नियम असल्यामुळे कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात.

एकच गोष्ट असह्य झाली: डिकीतली खडखड. नऊशे किलोमीटर, प्रत्येक वळणाला. बायको म्हणाली, "दोन महिने इंजिन खोलून बसलात, हे एवढं नाही सापडलं?" घरी आल्यावर सामान काढलं आणि डावीकडचं अस्तराचं पॅनल खोललं, पाच क्लिपा, त्यातली एक तुटली. आत मडगार्डच्या पोकळीत कागदाच्या पुडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. पुडी सोडली. लॉक नटची चावी.

ग्लोव्हबॉक्समध्ये टाकली. आता तिथून खडखडते.